वकील संघ विधि सहाय्याला किती मदत करतो? आधी प्रश्नच तपासू या

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक प्रश्न होता: 'राज्यातील दिवाणी विधि सहाय्य देणाऱ्या संस्थांना वकील संघटना कशा प्रकारे साहाय्य करते?' वाचायला अगदी नीटनेटका. त्यात चल आहेत, क्षेत्र आहे, मर्यादा आहे. गाईडने वाचून एवढंच विचारलं, "ही राज्यातली वकील संघटना म्हणजे नक्की कोण?" मला उत्तर देता आलं नाही. नाशिकच्या कोर्टात रोज दिसणारा वकील संघ डोळ्यासमोर होता, पण तो काही राज्याचा नव्हे.

आज या प्रश्नाचीच तपासणी करायची आहे. पेट देऊन नुकते संशोधनाकडे वळलेले बरेच जण विधि सहाय्यावर काम करायचं म्हणतात, आणि बहुतेकांचा प्रश्न साधारण याच साच्याचा असतो. माझं म्हणणं असं की हा साचा आपला नाही. तो तसाच वापरला तर उत्तर येतं 'काही विशेष मदत करत नाही', आणि जे खरंच घडतं ते नजरेतून सुटतं.

प्रश्नाचं मूळ गाव

हा प्रश्न अमेरिकेतल्या लिखाणातून येतो, आणि तिथे तो अगदी बरोबर आहे. १९६३ च्या गिडियन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गंभीर फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे असं ठरवलं. दिवाणी प्रकरणांना असा सरसकट हक्क मिळाला नाही. घरमालकाने बाहेर काढलं, नवऱ्याने पोटगी थांबवली, तर वकील आपला आपण बघायचा.

ही पोकळी भरायला बऱ्याच गोष्टी उभ्या राहिल्या. १९७४ च्या कायद्याने लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन आलं. ते राज्याराज्यांतल्या स्वतंत्र संस्थांना पैसा देतं आणि त्या संस्था पगारी वकील ठेवतात. अशिलांचे जे पैसे थोड्या काळासाठी वकिलाच्या खात्यात पडून राहतात, त्यांचं व्याज एकत्र करून विधि सहाय्याला देण्याची योजना १९८१ मध्ये फ्लोरिडात सुरू झाली आणि मग देशभर पसरली. अमेरिकन बार असोसिएशनच्या नमुना नियमांनुसार वकिलाने वर्षाला किमान ५० तास विनामोबदला काम करावं अशी अपेक्षा आहे. म्हणजे एकीकडे सेवा देणाऱ्या संस्था, दुसरीकडे त्यांना पैसा आणि स्वयंसेवक वकील पुरवणारी राज्याची बार. दोन वेगळे पक्ष असल्यामुळे 'अ ही संघटना ब या संस्थेला कशी मदत करते' हे वाक्य तिथे अर्थपूर्ण ठरतं.

आपल्याकडे 'अ' कोण आणि 'ब' कोण?

आपल्याकडची मांडणी उलटी आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेलं अनुच्छेद ३९-अ फौजदारी आणि दिवाणी असा भेद करत नाही. विधि सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम २ मध्ये 'केस' या शब्दात दावाही येतो. कलम १२ प्रमाणे दावा लावायला किंवा दाव्यात बचाव करायला मोफत वकील मागता येतो. त्यासाठी स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. कलम १३ फक्त प्रथमदर्शनी प्रकरणात दम आहे का ते पाहतं. अमेरिकेत जो हक्क नाही म्हणून बारला धावावं लागलं, तो आपल्याकडे कायद्यात लिहिलेला आहे.

ही सेवा देतं कोण? सरकार आणि न्यायव्यवस्था. कलम ९ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, कलम ११-अ प्रमाणे तालुका समितीचे अध्यक्ष तिथले ज्येष्ठ न्यायिक अधिकारी. जिल्हा न्यायाधीश सोडून बाकीचे सदस्य राज्य सरकार नेमतं. वकील संघाला या कलमांनी नाव घेऊन खुर्ची दिलेली नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा उल्लेख कलम ४ मध्ये येतो, पण तो विधि महाविद्यालयांतल्या क्लिनिकल शिक्षणासंदर्भात.

आता 'वकील संघटना'. इथे बहुतेक सिनॉप्सिस अडखळतात, म्हणून तीन गोष्टी वेगळ्या करा. एक, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. ही ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ खाली स्थापन झालेली वैधानिक संस्था असून सनद तीच देते. दोन, नाशिकसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणचा वकील संघ. याचे सदस्य ऐच्छिक, निवडणुका दरवेळी गाजणाऱ्या, बार रूम त्याचीच. तीन, तालुक्यांचे वकील संघ. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. मालेगावच्या बारचं वातावरण वेगळं, येवल्याचं वेगळं, कळवणचं तर त्याहून वेगळं. राज्यभर अधिकार चालतो तो फक्त पहिल्या संस्थेचा, आणि पक्षकाराला प्रत्यक्ष भेटणारे वकील असतात दुसऱ्या-तिसऱ्या संस्थेत. 'राज्यव्यापी वकील संघटना' असं म्हणताना आपण या तिघांची मोट बांधतो आणि मग तिघांबद्दलही काहीच नेमकं सांगत नाही.

कायद्यातलं 'करू शकेल'

मग बारवर काहीच जबाबदारी नाही का? आहे, पण ती कशी लिहिली आहे ते बघा. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ६(२) प्रमाणे राज्य बार कौन्सिल तीन कामांसाठी निधी उभारू शकते: गरजू वकिलांचं कल्याण, विधि सहाय्य आणि सल्ला, आणि कायद्याची ग्रंथालयं. १९७३ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ९-अ म्हणतं की बार कौन्सिल पाच ते नऊ सदस्यांच्या विधि सहाय्य समित्या नेमू शकते. दोन्ही ठिकाणी क्रियापद 'शकते' असं आहे, 'करील' असं नाही. वकिलांच्या आचारनियमांतला नियम ४६ गरीब आणि पीडितांना मोफत मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक मानतो. पण लगेच पुढे 'आपल्या आर्थिक मर्यादेत राहून' अशी सूट देतो. अमेरिकेतला ५० तासांचा आकडाही सक्तीचा नाही, पण निदान मोजता येतो. आपल्याकडे मोजायला आकडाच नाही.

आता यातल्या पहिल्या कामाचं काय झालं ते बघू. वकिलांच्या कल्याणासाठी महाराष्ट्रात १९८१ चा स्वतंत्र कल्याण निधी कायदा आहे. वकीलपत्रावर लागणारं छोटं तिकीट तुम्ही पाहिलं असेल, ते त्याचंच. म्हणजे प्रत्येक वकीलपत्रातून थोडे थोडे पैसे गोळा करून एक निधी चालवणं आपल्याला जमतं. अमेरिकेतल्या व्याजाच्या योजनेमागची कल्पना याहून फार वेगळी नाही. फरक एवढाच की आपला निधी वकिलांसाठी आहे आणि तिथला पक्षकारांसाठी. वकिलांचं कल्याण नको असं मी म्हणत नाही. कमाई नसलेल्या ज्युनियरचे हाल बार रूममध्ये बसलं की दिसतात. पण कलम ६(२) मध्ये शेजारी शेजारी बसलेल्या दोन कामांपैकी एकाला तिकीट मिळालं, आणि दुसऱ्याला वकीलपत्रावर तशी जागा मिळाली नाही. हा निष्कर्ष संशोधनात मांडण्यासारखा आहे. माझ्या मूळ प्रश्नातून मात्र तो कधीच निघाला नसता.

बार रूममधली न मोजलेली मदत

इथपर्यंत वाचून 'बार काहीच करत नाही' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटेल. तीच दुसरी चूक. एक उदाहरण घेऊ. हे मी रचलेलं आहे, पण त्यातला कायदा खरा आहे.

सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची कोकणा समाजातली विधवा. नवऱ्याच्या मागे वारस नोंद करताना दिराने फेरफारात फक्त स्वतःचं नाव लावून घेतलं. तिला वाटप आणि ताब्याचा दावा लावायचाय, आणि जमीन विकली जाऊ नये म्हणून मनाई हुकूम हवाय. ती कलम १२ मध्ये दोनदा बसते, स्त्री म्हणून आणि अनुसूचित जमातीची म्हणून. राज्य सरकारच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेमुळे मालमत्तेच्या वादात स्त्रीला कोर्ट फी माफ आहे. तालुका समितीकडे अर्ज केला की पॅनेलवरचा वकील मिळतो. कागदावर सगळं जागेवर आहे.

हा पॅनेल वकील मात्र आभाळातून येत नाही, तो तिथल्याच बारमधून येतो. नालसाच्या २०१० च्या विनियमांनुसार साधारणपणे तीन वर्षांपेक्षा कमी अनुभव असलेल्यांना पॅनेलवर घेत नाहीत. मिळणारी फी ठराविक आणि खासगी फीच्या मानाने कमी, शिवाय पक्षकाराकडून वेगळं काही घ्यायला मनाई. मग त्याचं ऑफिस कशावर चालतं? त्याच्या खासगी अशिलांवर. एका तारखेला तो दुसऱ्या कोर्टात अडकला तर हजेरी कोण लावतं? बारमधला मित्र. कैफियत आल्यावर 'सर, एवढं जरा बघता का' म्हणून तो कोणाकडे जातो? त्याच्या सीनियरकडे. पुस्तक, टायपिंग, नवीन निकालाची माहिती, सगळं त्याच वर्तुळातून. बारची खरी मदत ही आहे. ठराव नाही, निधी नाही, कुठल्याच अहवालात रकाना नाही.

आणि ही मदत कमी पडली तर काय होतं, तेही याच दाव्यात दिसतं. गडबडीत एखादा वकील नेहमीचा वाटपाचा मसुदा उघडेल आणि हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या आधारावर दावा लिहून टाकेल. पण त्याच कायद्याचं कलम २(२) सांगतं की केंद्राने अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. समोरचा वकील पहिल्या फटक्यात तो मुद्दा घेणार. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने राम चरण विरुद्ध सुखराम या प्रकरणात आदिवासी स्त्रीच्या वारसांना समान वाटा नाकारता येणार नाही असा निकाल दिला. तिला वाटा नाही अशी रूढी सिद्ध झालेली नसताना, समतेच्या तत्त्वावर. दावा मुळात या पायावर उभा राहायला हवा. आता हा निकाल तालुक्याच्या कोर्टातल्या पॅनेल वकिलापर्यंत पोचवायचा कोणी? प्राधिकरण प्रशिक्षण घेतंच, पण रोजच्या रोज हे काम वकील संघाचं अभ्यास मंडळ जितकं सहज करू शकतं तितकं दुसरं कोणी नाही. त्या बाईची जमीन राहते की जाते, हे शिबिरांच्या संख्येवर नाही, या एका गोष्टीवर ठरू शकतं.

सगळा उजेड फौजदारीवर

विधि सहाय्यावरचे गाजलेले निकाल आठवा. महाराष्ट्रातून गेलेलं १९७८ चं हॉसकॉट प्रकरण शिक्षा झालेल्या कैद्याच्या अपिलाचं. १९८३ चं शीला बारसे प्रकरण मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांचं. हुसैनारा खातून, खत्री, सुक दास, सगळे फौजदारी. महाराष्ट्रातलाच अपवाद म्हणजे १९९५ चं मनुभाई प्रागजी वशी प्रकरण. तिथे सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २१ आणि ३९-अ यांचा आधार घेत खासगी विधि महाविद्यालयांना अनुदान द्यायला लावलं. तर्क साधा होता: चांगले वकील तयार झाले नाहीत तर विधि सहाय्य द्यायचं कोणी? या निकालाकडे संशोधक फारसे वळत नाहीत. आपल्या विषयाला मात्र सगळ्यात जवळचा तोच, कारण तो हक्कापाशी न थांबता हक्क चालवणाऱ्या माणसांपर्यंत जातो.

व्यवस्थाही त्याच दिशेने गेली. नालसाच्या २०२२ च्या योजनेने बचाव पक्षासाठी पूर्णवेळ वकिलांची कार्यालयं आणली. मुख्य, उप आणि सहायक बचाव वकील, खासगी प्रॅक्टिस बंद. चांगली गोष्ट, पण फक्त फौजदारीला. दिवाणी पक्षकार जुन्याच पॅनेल पद्धतीवर राहिला. म्हणजे फौजदारी विधि सहाय्य बारपासून थोडं सुटं झालं, आणि दिवाणी पूर्वीइतकंच बारच्या भरवशावर राहिलं. बारच्या भूमिकेचा अभ्यास करायचा तर तो दिवाणीतच करायला हवा, असं मला म्हणूनच वाटतं.

दुसरी बाजू

याला आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. बारला औपचारिक जागा दिली की पॅनेलवर निवडणुकीतल्या गटांची माणसं येतील. न्यायाधीशांच्या हाती आहे तेच बरं. शिवाय काम बंद आंदोलन झालं की सर्वात आधी भरडला जातो तो गरीब पक्षकार. वकिलांना संपाचा अधिकार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या हरीश उप्पल प्रकरणात सांगूनही कोर्टावरचे बहिष्कार थांबलेले नाहीत. हे सगळं मान्य.

पण न्यायाधीशांच्या हाती सगळं असण्यालाही किंमत आहे. ज्या न्यायव्यवस्थेसमोर वकिलाने पक्षकारासाठी भांडायचं, तिच्याच अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने त्याला नेमायचं आणि त्याचं बिल मंजूर करायचं. त्यात राष्ट्रीय लोकअदालतीत निकाली निघालेल्या प्रकरणांचा आकडा हे यशाचं माप झालं की तडजोडीकडे कल वाढतो. कलम २१ मुळे लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. मार्क गॅलंटर आणि जयंत कृष्णन यांनी २००४ च्या त्यांच्या लेखात लोकअदालतीवर नेमकी हीच शंका घेतली होती, की गरिबाला न्यायाऐवजी झटपट निकाल मिळतो का. 'नाही, माझी पक्षकार तडजोड करणार नाही' असं ठामपणे म्हणणाऱ्या ज्युनियरच्या पाठीशी कोणीतरी उभं असावं लागतं. ते काम बारचं आहे. बार नेहमी ते करते असं नाही, पण दुसरं कोणी करण्याच्या जागेवरही नाही.

मग प्रश्न कसा विचारायचा?

मी माझा प्रश्न बदलला तो असा: 'एखाद्या तालुक्यात विधि सहाय्याने चाललेल्या दिवाणी दाव्यात पॅनेल वकिलाला बारकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, आणि त्याने दाव्यात काय फरक पडतो?' दिसायला लहान प्रश्न आहे, पण आवाक्यातला आहे.

यासाठी काही गोष्टी आधीच ठरवून घ्या. पहिली, नालसाचे आकडे नाकारू नका, पण ते किती सांगतात ते ओळखा. ते वर्गवार लाभार्थी मोजतात: स्त्रिया किती, अनुसूचित जमातीच्या व्यक्ती किती. दाव्याचं पुढे काय झालं, ते नाही. दुसरी, ई-कोर्ट्सवर तारखा आणि वकिलाचं नाव दिसतं, पण तो वकील प्राधिकरणाने दिलेला की खासगी हे त्यावरून ओळखता येत नाही. म्हणून प्राधिकरणाची रीतसर परवानगी लागेल, तिची तयारी पहिल्या वर्षीच सुरू करा. तिसरी, प्राधिकरण माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत येतं. वकील संघाकडे मात्र तसा अर्ज टाकून दप्तर मिळेल असं धरून चालू नका. तिथे ओळख, वेळ आणि चहा लागतो.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची: शंभर वकिलांना प्रश्नावली वाटण्यापेक्षा वीस फाइल्स शेवटपर्यंत वाचा. प्रत्येकीत पाच तारखा शोधा: अर्ज केला ती, वकील नेमल्याचा आदेश झाला ती, वकीलपत्र दाखल झालं ती, दावा दाखल झाला ती, आणि पहिला परिणामकारक आदेश झाला ती. दर तारखेला प्रत्यक्ष हजर कोण होतं हे रोजनाम्यात बघा. दोन तारखांमधल्या अंतरात तुम्हाला जे दिसेल ते प्रश्नावलीत कोणी लिहून देणार नाही. 'बार विधि सहाय्याला मदत करते का?' या प्रश्नाला वकील 'हो, नक्कीच' असंच उत्तर देतात, आणि ते खोटं बोलत नसतात.

पक्षकारांची नावं, गावं, गट नंबर प्रबंधात येऊ देऊ नका. पाड्यावरचा जमिनीचा वाद गावात सगळ्यांना माहीत असतो. तुमच्या तळटिपेमुळे त्या बाईला त्रास होता कामा नये.

माझ्या पहिल्या प्रश्नात 'संघटना' होती, 'संस्था' होत्या, 'साहाय्य' होतं. दावा लावणारी बाई कुठेच नव्हती. तुमच्या सिनॉप्सिसमधला प्रश्न एकदा मोठ्याने वाचा आणि ती त्यात आहे का ते बघा. नसेल तर आरआरसीसमोर जायच्या आधीच तो बदला.